इमारतीसाठी भू-हीट पंप : लूपची निवड आणि सुरतेची जमीन

प्रस्तावना

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३ मध्ये कम्युनिटी कॉलेजांची योजना आखली. तेव्हापासून वातानुकूलन व प्रशीतन, विद्युत जोडणी, नळकाम यांसारख्या विषयांचे शिक्षण पदविकेच्या चौकटीत आले. या विषयांच्या शिक्षकांना एक प्रश्न अधूनमधून विचारला जातो. जमिनीच्या पोटात थंडावा असतो, मग तो वापरून इमारत थंड का करू नये? प्रश्न रास्त आहे. त्याचे तांत्रिक उत्तर म्हणजे भू-हीट पंप, आणि त्यातील सर्वांत खर्चाचा व सर्वांत कठीण निर्णय म्हणजे जमिनीत घालावयाच्या नळ्यांच्या जाळ्याचा, अर्थात लूपचा.

या विषयावरील उपलब्ध साहित्य मुख्यतः अमेरिका, स्वीडन, जर्मनी व स्वित्झर्लंड येथील अनुभवावर आधारलेले आहे. त्यातील तक्ते सुरतेसारख्या शहराला जसेच्या तसे लावले तर काय होते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. शैक्षणिक संस्थांच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ अभ्यासाचा नाही. संस्थेचा पैसा देणगीदारांचा असतो, कधी वक्फचा असतो. छतावरील यंत्र चुकले तर बदलता येते. ऐंशी मीटर खोल घालून भोवती गारा भरलेली नळी मात्र परत काढता येत नाही.

नावामुळे होणारा गैरसमज

'भूऔष्णिक' हा शब्द ऐकला की मराठी वाचकाला वज्रेश्वरी-गणेशपुरीची कुंडे, चोपडा तालुक्यातील उनपदेव किंवा कोकणातील उन्हवरे आठवते. सुरतेकडील माणसाला नवसारी जिल्ह्यातील उनाई आठवते. या सर्व ठिकाणी खोलवर तापलेले पाणी भेगांतून वर येते. लडाखमधील पुगा खोऱ्यात अशाच उष्णतेपासून वीज मिळवण्याचे प्रयत्न झाले आहेत. भू-हीट पंपाचा या उष्णतेशी संबंध नाही. त्याला गरम झरा लागत नाही, उलट असा झरा जवळ असेल तर थंडाव्याच्या कामी तो अडचणच ठरेल. भू-हीट पंप उपयोग करतो तो एवढ्याच गोष्टीचा की पृष्ठभागापासून काही मीटर खाली जमिनीचे तापमान वर्षभर जवळजवळ स्थिर असते.

ही स्थिरता पूर्वीच्या लोकांना ठाऊक होती. इराण व इराकमधील घरांचे सर्दाब, मोगल इमारतींतील तहखाने, गुजरातच्या जुन्या घरांतील अंगणाखालची पाण्याची टाकी ही त्याची उदाहरणे होत. औरंगाबादच्या पाणचक्कीत हौदाच्या खाली असलेले दालन भर उन्हाळ्यात गार असते, हे तेथे जाऊन आलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. मात्र या जुन्या रचना जमिनीत फार थोडी उष्णता सोडत. माणसे थंड जागी जाऊन बसत, थंडावा माणसांच्या खोलीपर्यंत खेचून आणला जात नसे. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरतो.

यंत्राचे काम

घरातील फ्रीज आतील उष्णता उचलून मागच्या जाळीतून स्वयंपाकघरात सोडतो. एअर कंडिशनर तेच करतो, फक्त उष्णता बाहेरच्या हवेत सोडतो. भू-हीट पंप ती हवेऐवजी नळीतील पाण्यात सोडतो आणि ते पाणी जमिनीत फिरून निवून परत येते. थंड देशात हिवाळ्यात हेच चक्र उलटे चालवतात. त्या वेळी जमिनीतून उष्णता घेऊन ती घरात आणली जाते.

बाहेरची हवा ३८ अंश सेल्सिअस असेल तर साध्या एअर कंडिशनरच्या बाहेरील जाळीत शीतकाला ५० अंशांच्या आसपास तापमानाला द्रवरूप व्हावे लागते. जमिनीतून ३२-३३ अंशांचे पाणी येत असेल तर हेच काम ४० अंशांच्या आसपास होते. हे तापमान एक अंशाने उतरले की कॉम्प्रेसरची वीज साधारण दोन ते तीन टक्के वाचते. भू-हीट पंपाचा सारा फायदा या फरकात आहे. फरक नाहीसा झाला तर फायदाही नाहीसा होतो.

जमिनीचा असा उपयोग करण्याच्या कल्पनेवर १९१२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये हाइनरिख त्सोएली यांनी पेटंट घेतले. अमेरिकेतील पोर्टलंड येथे १९४८ मध्ये बांधलेल्या इक्विटेबल इमारतीत विहिरीच्या पाण्यावर चालणारा मोठा हीट पंप बसवला गेला. प्लास्टिकच्या बंद नळ्यांचे लूप त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, १९७० नंतरच्या इंधनटंचाईच्या काळात, स्वीडन व अमेरिकेतील ओक्लाहोमा येथे रुळले.

सुरतेची जमीन

सुरत शहर तापीच्या गाळावर वसले आहे. चिकणमाती, रेताड गाळ व वाळू यांचे थर येथे एकाआड एक लागतात. पूर्वेकडे सोनगड-उकाईच्या बाजूस जाऊ लागल्यावर महाराष्ट्रातील वाचकांच्या ओळखीचा काळा कातळ उघडा पडतो. शहरात मात्र बोअर खणणाऱ्याला प्रथम गाळच लागतो. गाळात खणणे सोपे, पण भोक ढासळू नये म्हणून केसिंग किंवा चिखलाचे द्रावण वापरावे लागते.

पाण्याने भिजलेली वाळू उष्णता चांगली वाहते. कोरडी चिकणमाती तिच्या निम्म्याहूनही कमी वाहते. उकाई-काकरापार कालव्यांच्या लाभक्षेत्रात भूजल वर आलेले आहे. एरवी शेतकऱ्याला तापदायक असलेली ही गोष्ट लूपसाठी जमेची ठरते, कारण नळीभोवतीची माती ओली राहते. पश्चिमेस डुमस, हजीरा, ओलपाडकडे जाताना भूजल खारे होत जाते. बंद नळीतील पाण्याला त्याने फरक पडत नाही, पण विहिरीचे पाणी थेट यंत्रातून फिरवायचे असेल तर पडतो.

तापमानाची गोष्ट मात्र मूळ तक्त्यांपेक्षा अगदी वेगळी आहे. आठ-दहा मीटर खोलीवर जमिनीचे तापमान त्या ठिकाणच्या हवेच्या वार्षिक सरासरीच्या जवळ असते. सुरतेची ही सरासरी २७ ते २८ अंश आहे. स्वीडनमध्ये ती दहा अंशांच्याही खाली असते. स्टॉकहोमच्या जमिनीत थंडावा आहे असे म्हणता येईल. सुरतेच्या जमिनीत जे आहे ते मे महिन्यातील दुपारच्या हवेपेक्षा कमी गरम असणे, एवढेच. जुलै-ऑगस्टमध्ये हवा २८ ते ३१ अंशांच्या दरम्यान असते, तेव्हा हा फरक जवळजवळ उरत नाही. म्हणून येथील लूपची खरी कमाई मार्च ते जूनचा पूर्वार्ध आणि ऑक्टोबरमधील दुपारी या काळापुरती असते.

लूपचे प्रकार

आडवा लूप दीड-दोन मीटर खोल चरांत पसरतात. थंड देशांतील शेतघरांना तो स्वस्त पडतो. सुरतेत तो निवडण्याचे कारण दिसत नाही. त्या खोलीवर उन्हाळ्याची उष्णता पोहोचते, काळी चिकणमाती सुकून भेगाळते आणि नळीभोवती हवेची पोकळी तयार होते. शिवाय ५० टनांच्या वातानुकूलनासाठी अडीच एकरांच्या आसपास मोकळी जागा लागेल. शहरात तेवढी जागा असेल तर संस्था तेथे दुसरी इमारत बांधील. वेटोळ्यांच्या आकारात नळी टाकून जागा कमी करता येते, पण त्यामुळे मातीचे तापमान बदलत नाही.

खुला लूप म्हणजे विहिरीचे पाणी उपसून यंत्रातून फिरवणे व दुसऱ्या विहिरीत परत सोडणे. पाणी नेहमी जमिनीच्या मूळ तापमानाचे मिळते, त्यामुळे कागदावर तोच सर्वांत कार्यक्षम ठरतो. पण दर टनाला मिनिटाला सुमारे ११ लिटर पाणी लागते. म्हणजे ५० टनांच्या इमारतीसाठी आठ तासांत अडीच लाख लिटरहून अधिक पाणी उपसले जाईल. ते सारे परत जमिनीत मुरवायचे म्हणजे बारीक गाळाच्या थरात परतीच्या विहिरीची छिद्रे लवकर बुजतात. पाणी गटारात सोडणे हा कोणत्याही शिक्षणसंस्थेला न शोभणारा मार्ग होय. वजूचे पाणीसुद्धा वाया घालवू नये अशी शिकवण असलेल्या समाजात तर हे वेगळे सांगण्याची गरज नसावी. व्यावसायिक व संस्थात्मक उपशासाठी केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार परवानगीचा प्रश्नही येतो. पाण्यातील क्षार यंत्राच्या नळ्यांत साचतात ते वेगळेच.

तलावातील लूप हा प्रकार विचारात घेण्यासारखा आहे, आणि तो बहुधा विनाकारण दुर्लक्षिला जातो. तलावाच्या तळाशी नळ्यांची वेटोळी बुडवून ठेवतात. जमीन उष्णता साठवून ठेवते, तलाव मात्र बाष्पीभवनाने आणि रात्रीच्या गारव्याने ती रोज बाहेर टाकतो. त्यामुळे वर्षागणिक तापमान चढत जात नाही. अट एकच, मे अखेरीसही तलावात तीनेक मीटर पाणी असावे. सुरतेत अशी खाजगी तळी थोडी आहेत. गोपी तळाव किंवा सिंगणपूरच्या बंधाऱ्यामागील तापीचे पाणी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. त्यातही तापीचे पाणी शहराच्या पिण्याच्या पुरवठ्याचे, तेथे कोणत्याही संस्थेने नळ्या टाकण्याचा विचारही करू नये.

नळीत पाण्याऐवजी हवाच फिरवण्याचीही एक पद्धत आहे. अहमदाबादच्या भारतीय प्रबंध संस्थेतील गिरजा शरण व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगात तीन मीटर खोल पुरलेल्या ५० मीटर लांबीच्या नळीतून मे महिन्यातील ४० अंशांची हवा २७ अंशांच्या आसपास उतरली. २००३ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हा प्रयोग गुजरातच्या भूमीवरचा असल्याने वर्गात आवर्जून सांगावा असा आहे. पण अहमदाबादची मे महिन्याची हवा कोरडी, सुरतेची दमट. दमट हवा गार नळीत शिरली की पाणी सुटते, आणि अंधाऱ्या ओल्या नळीत बुरशी धरते. गुडगावजवळील टेरी संस्थेच्या गुआल पहाडी संकुलात चार मीटर खोलीवर सत्तर मीटरचे चार बोगदे आहेत. तेथेही पावसाळ्यातील दमटपणासाठी वेगळ्या शीतकरण यंत्रांची जोड द्यावी लागली.

राहिला उभा लूप. साठ ते शंभर मीटर खोल बोअर खणून त्यात यू आकाराची पॉलिथिनची नळी सोडतात व उरलेली पोकळी बेंटोनाइट मातीच्या गाऱ्याने भरतात. जागा कमी लागते, तापमान स्थिर मिळते. शहरातील इमारतीला व्यवहारतः हाच पर्याय उरतो.

दिल्लीचे उदाहरण

भारतातील या पद्धतीचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे नवी दिल्लीतील इंदिरा पर्यावरण भवन. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने बांधलेल्या या इमारतीचे उद्घाटन फेब्रुवारी २०१४ मध्ये झाले. तिच्या आवारात ८० मीटर खोलीचे १८० बोअर असून कोणत्याही दोन बोअरमध्ये किमान तीन मीटर अंतर राखलेले आहे. प्रत्येक बोअरमध्ये ३२ मिलीमीटर व्यासाची यू नळी आहे. एका बोअरमागे सुमारे ०.९ टन आणि एकूण सुमारे १६० टन उष्णता कूलिंग टॉवर न वापरता जमिनीत सोडता येते. एक टन म्हणजे ३.५ किलोवॉट. दिवसभरात एक अमेरिकन टन बर्फ वितळवण्यास जेवढी उष्णता लागेल, त्यावरून हे माप आले आहे.

हे आकडे हाताशी आले की शिक्षकाला सुरतेतील एखाद्या महाविद्यालयाचे गणित फळ्यावर मांडता येते. ५० टनांची इमारत घेऊ. कॉम्प्रेसरची स्वतःची उष्णता धरून जमिनीत सोडावयाची उष्णता साधारण सव्वापट, म्हणजे ६२ टन होते. दिल्लीच्या प्रमाणाने ७० बोअर पुरे. तीन-तीन मीटरवर चौकोनी मांडणी केली तर ते सगळे ६३० चौरस मीटरमध्ये बसतात. एका मध्यम आकाराच्या वाहनतळाएवढी ही जागा होय. बहुतेक प्रस्ताव येथेच थांबतात आणि त्यामुळेच आकर्षक वाटतात.

वर्षभराच्या उष्णतेचा हिशेब

वरील गणितात एका दिवसाचा विचार आहे, वर्षाचा नाही. तो केला की चित्र पालटते.

महाविद्यालय वर्षात २४० दिवस, रोज आठ तास चालते आणि यंत्रावर सरासरी साठ-पासष्ट टक्के भार असतो असे धरू. म्हणजे पूर्ण भाराचे सुमारे १,२०० तास. ६२ टन म्हणजे जवळपास २२० किलोवॉट. तेव्हा वर्षाला २ लाख ६४ हजार युनिट उष्णता जमिनीत जाते. युनिट येथे विजेच्या मीटरवरचेच, किलोवॉट-तास.

आता ही उष्णता कोणत्या मातीत मुरते ते पाहावे. तीन मीटर अंतराने घातलेल्या प्रत्येक बोअरच्या वाट्याला ९ चौरस मीटर जमीन येते. खोली ८० मीटर, बोअर ७०, म्हणून एकूण माती सुमारे ५० हजार घनमीटर. ओल्या मातीचा एक घनमीटर एक अंशाने तापवण्यास साधारण २.४ मेगाज्यूल लागतात. भागाकार केला तर उत्तर येते वर्षाला जवळजवळ आठ अंश. सहा मीटर अंतर ठेवले तर माती चौपट होते आणि वाढ दोन अंशांवर येते.

उष्णता कोठेही निसटत नाही असे गृहीत धरल्याने हा हिशेब कठोर आहे हे खरे. प्रत्यक्षात काही उष्णता बाजूला, काही वर पृष्ठभागाकडे जाते, भूजल वाहते असेल तर तेही थोडी घेऊन जाते. पण मातीतून उष्णता फार सावकाश सरकते. एका वर्षात तिची झेप जेमतेम पाच-सहा मीटरची असते. म्हणून दाट मांडणीच्या मध्यभागी असलेल्या बोअरांना उष्णता सोडायला जागाच राहत नाही. २८ अंशांची जमीन तीन-चार वर्षांत ३५ अंशांकडे गेली, तर नळीतील पाणी ४० अंशांच्या वर येते आणि गच्चीवरचा साधा एअर कंडिशनरही त्याच्या बरोबरीला येतो. बिघाड काहीच नसतो, आवाज होत नाही, गळती होत नाही. केवळ विजेचे बिल वर्षागणिक चढते आणि कारण कोणाच्या लक्षात येत नाही.

थंड देशांत हा प्रश्न फारसा उद्भवत नाही, कारण उन्हाळ्यात सोडलेली उष्णता तेथे हिवाळ्यात घर तापवण्यासाठी परत काढून घेतात. जमीन तेथे बचत खात्यासारखी वापरली जाते. सुरतेत खात्यात फक्त भरणा आहे, काढणे नाही. दोन्ही बाजू असलेल्या ठिकाणीही तोल बिघडू शकतो. न्यू जर्सीमधील स्टॉकटन महाविद्यालयात १९९४ पासून १३० मीटर खोलीच्या ४०० बोअरांचे क्षेत्र चालू झाले. तेथे कडक हिवाळा आहे. तरीही वर्गखोल्यांतील माणसे व दिवे यांच्यामुळे थंडाव्याची गरज जास्त भरली, आणि बोअर-क्षेत्राचे तापमान काही अंशांनी वाढल्याचे मोजमापांत आढळले.

लुईझियाना राज्यातील फोर्ट पोल्क या लष्करी वसाहतीचे उदाहरण भू-हीट पंपाच्या बाजूने नेहमी दिले जाते. उष्ण व दमट हवामान असूनही तेथील ४,००३ घरांत १९९० च्या दशकात भू-हीट पंप बसवल्यावर विजेचा वापर सुमारे एक तृतीयांशाने घटला. हे उदाहरण खरे आहे आणि महत्त्वाचेही आहे. पण तेथील जमीन सुरतेहून बरीच गार आहे, हिवाळ्यात घरे तापवावी लागतात, बदललेली यंत्रे जुनी होती आणि त्याच प्रकल्पात दिवेही बदलले गेले होते. एक तृतीयांश हा आकडा सुरतेच्या प्रस्तावात उचलून लिहिणे योग्य होणार नाही.

नसलेल्या हिवाळ्याची भरपाई

मग सुरतेत उभा लूप घालूच नये काय? तसे नाही. मात्र त्याची मांडणी व आकार वेगळ्या रीतीने ठरवावा लागेल.

पहिली गोष्ट मांडणीची. बोअर चौकोनात न घालता आवाराच्या कुंपणालगत एका ओळीत घातले तर प्रत्येकाला दोन्ही बाजूंची माती मिळते. एक हेक्टरच्या चौरस भूखंडाचे कुंपण ४०० मीटर लांबीचे असते. सहा मीटर अंतराने त्यावर ६६ बोअर बसतात. त्याच ७० बोअरांचा खर्च, थोडी अधिक नळी, पण जमिनीच्या आयुष्यात मोठा फरक. शेजारच्या भूखंडावरही कोणी असेच बोअर घातले तर हा फायदा अर्धा होतो, हेही ध्यानात ठेवावे.

दुसरी गोष्ट उष्णतेच्या उपयोगाची. बाहेर टाकावयाच्या उष्णतेतून वसतिगृहाचे, स्वयंपाकघराचे किंवा रुग्णालयाचे पाणी तापवता येते. पण येथेही आकडा पाहिलेला बरा. दोनशे विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात रोज प्रत्येकी ३० लिटर पाणी २० अंशांनी तापवले तर दिवसाला १४० युनिट उष्णता खपते. वर्षात दोनशे दिवस धरले तर २८ हजार युनिट, म्हणजे एकूण उष्णतेच्या दहावा हिस्सा. गॅस किंवा वीज वाचते म्हणून ते करावे, जमिनीचा तोल त्याने सुटणार नाही. तोल सुटेल असा गरम पाण्याचा खप सुरतेत आहे तो पांडेसरा, सचिन, कडोदरा येथील कापड-प्रक्रिया कारखान्यांत. एकाच आवारात थंड कार्यालय आणि गरम पाण्याचे रंगकाम असेल, तर तेथे हीट पंपाला जमिनीची गरजही थोडीच पडेल.

तिसरी गोष्ट सर्वांत उपयोगाची असून तिची चर्चा क्वचित होते. सुरतेत हिवाळा इमारतीला जाणवत नसला तरी डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा १५-१६ अंशांपर्यंत उतरतो. त्या रात्री कॉम्प्रेसर बंद ठेवून लूपमधील पाणी लहान कूलिंग टॉवरमधून फिरवले तर २० अंशांच्या आसपासचे पाणी जमिनीत जाते आणि साठलेली उष्णता बाहेर येते. ६० रात्री, दहा तास, एका बोअरमागे दोन किलोवॉट असा ढोबळ अंदाज धरला तर ७० बोअरांतून ८४ हजार युनिट उष्णता निघते, वर्षाच्या भरण्याच्या जवळपास एक तृतीयांश. खर्च फक्त पंप व पंख्याच्या विजेचा. उरलेला भार उन्हाळ्यात त्याच टॉवरने उचलला तर बोअरांची संख्याही ७० वरून ३०-३५ वर आणता येईल. जमीन आणि टॉवर यांची ही जोडी सुरतेतील बहुतेक संस्थांसाठी सर्वांत शहाणपणाची ठरावी.

टॉवर, पाणी आणि लूप

केवळ कूलिंग टॉवर ठेवला तर काय बिघडते, असे कोणी विचारील. वीज फारशी जास्त लागत नाही. सुरतेच्या दमट हवेतही टॉवरचे पाणी ३० अंशांच्या आसपास मिळते, म्हणजे लूपच्या बरोबरीचे. टॉवरची किंमत पाण्यात मोजावी लागते. एक टन थंडाव्यामागे तासाला साडेसहा लिटर पाणी वाफ होऊन जाते, ५० टनांना आठ तासांत सुमारे २,६०० लिटर. क्षार साचू नयेत म्हणून काही पाणी बदलावे लागते ते वेगळे. शिवाय टॉवर नीट न राखल्यास त्यातील पाण्यात रोगजंतू वाढतात.

तेव्हा सुरतेत लूपचा खरा लाभ वीज वाचण्यात कमी आणि गोडे पाणी वाचण्यात अधिक आहे. आणि येथेच शहराने दुसरा मार्ग दाखवून ठेवला आहे. महानगरपालिकेने बमरोली येथे २०१४ मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पातून शुद्ध केलेले सांडपाणी दररोज चार कोटी लिटरच्या क्षमतेने पांडेसराच्या उद्योगांना पुरवण्याची व्यवस्था झाली. ज्या आवारात असे प्रक्रिया केलेले पाणी उपलब्ध आहे, तेथे टॉवर हाच स्वस्त व निर्धोक पर्याय ठरतो आणि बोअर खणण्याचे कारण राहत नाही. जेथे टँकरने पाणी येते, तेथे मात्र लूपची बाजू भक्कम होते.

आणखी एक पर्याय असा की ज्यात नळी लागतच नाही. गच्चीवर चिनी मातीच्या पांढऱ्या तुकड्यांचा थर, पश्चिमेच्या खिडक्यांवर छज्जे, छताखाली उष्णतारोधक थर. यांनी ५० टनांची गरज ४० वर आली तर चौदा बोअर कमी होतात. लूपचे आकारमान ठरवण्यापूर्वी हे केले नाही तर वाया जाणारा थंडावा पुरवण्यासाठीच बोअर खणले जातील.

खणण्यापूर्वी

कोणताही आराखडा मान्य करण्याआधी आवारात एक चाचणी बोअर घ्यावा. त्यात यू नळी बसवून सलग दोन दिवस ठरावीक शक्तीच्या हीटरने पाणी तापवत फिरवायचे आणि आत जाणाऱ्या व बाहेर येणाऱ्या पाण्याचे तापमान नोंदवायचे. पाणी जितके लवकर तापते तितकी माती उष्णता कमी वाहते. ही चाचणी १९९० च्या दशकात स्वीडन व अमेरिकेत रूढ झाली. तिला लागणारी साधने म्हणजे पंप, हीटर, पाणीमापक व दोन तापमापक. कम्युनिटी कॉलेजच्या कार्यशाळेत ती जुळवता येतात आणि विद्यार्थ्यांना खऱ्या जमिनीवर मोजमाप शिकवण्यास याहून चांगला प्रसंग मिळणे कठीण. हीटर लावण्यापूर्वी मोजलेले पाण्याचे तापमान हेच जमिनीचे मूळ तापमान. ते वहीत लिहून ठेवावे, कारण पाच वर्षांनी तुलना करायची ती त्याच्याशी.

पुरवठादाराकडे मागावयाच्या कागदांत पहिल्या वर्षाच्या बचतीचा तक्ता असतोच. पहिल्या, पाचव्या व दहाव्या वर्षी लूपमधून यंत्राकडे येणाऱ्या पाण्याचे अपेक्षित तापमान किती, हा आकडा लेखी मागावा. ज्याने वर्षभराच्या उष्णतेचा हिशेब केला असेल त्यालाच तो देता येतो.

आणि शेवटी पुराची पातळी. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने सुरत शहराचा मोठा भाग बुडाला. जमिनीतील नळीला पुराने काही होत नाही, तिचे सांधे वितळवून जोडलेले असतात. पण पंप, विद्युत फलक व सर्व नळ्या एकत्र येतात ती खोली बहुधा तळघरात केली जाते. ती पहिल्या मजल्यावर न्यावी. बोअरभोवतीचा गारा तळापासून वरपर्यंत सलग भरलेला आहे याची खणतानाच उभे राहून खात्री करून घ्यावी, कारण अर्धवट भरलेल्या बोअरमधून पुराचे घाण पाणी सरळ भूजलात उतरते, आणि ते भूजल केवळ त्या संस्थेचे नसते.